उंबऱ्यावरचं पाणी

ब्रसेल्स, ४ फेब्रुवारी

ती. म्लादेनदादास,
नेव्यानाचा सा. न. वि. वि.

सोफियाहून बोलावणं आलं आणि मी होकार कळवला. युरोपच्या संसदेत नऊ वर्षं भाषणं ठोकली, आता आपल्याच सरकारात ऊर्जामंत्री! पण राकियाची बाटली एवढ्यात उघडू नकोस. पहिलंच काम आपल्या गावची कोळशाची खाण बंद करण्याचं आहे.

कोळसा थांबवण्याच्या कायद्यासाठी इथे मीच हात वर केला होता, तेव्हा आता दुसऱ्याला पुढे करून नामानिराळी राहणार नाही. बाबांचा तो खोकला अजून माझ्या कानांत आहे. बंदची तारीख मी स्वतः येऊन, गावाच्या सभा भरतात त्या आपल्या वाचनगृहात सांगणार. आदल्या दिवशी घरी उतरेन. आई असती तर निघताना तिने उंबऱ्यावर तांब्याच्या भांड्यातून पाणी ओतलं असतं, काम पाण्यासारखं सरळ जावं म्हणून. आता ते तुझ्याकडे. ओतशील ना?

रागावलास तरी लोभ तेवढा ठेव.
तुझी नेव्याना

१३ फेब्रुवारी

चि. नेव्याना हिस अ. आ.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीने उकरल्यासारखंच आहे, मंत्रीणबाई.

पाणी ओतणार नाही. ज्या खाणीत बाबा राबले, मी राबतो, ती बंद करायला तू निघणार आणि वाट मी सोपी करू? पोरांना काय ब्रसेल्सची हवा खायला घालू? सगळा गाव तुझ्या नावाने बोटं मोडतोय. तब्येतीचं निमित्त सांग, एखाद्या उपमंत्र्याला पाठव. ओरडणाऱ्यांत मीही असेन, ते तुला बघवायचं नाही.

पिंपातला कोबी यंदा छान मुरलाय. तुझी वहिनी तुझ्यासाठी काढून ठेवणार म्हणते.

लोभ आहे तिथेच आहे, म्हणून तर एवढा चिडलोय.
म्लादेन

सोफिया, १२ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

परवा सकाळी मी निघाले तेव्हा तू पाठ करून उभा होतास. वहिनीने हाक मारली तरी हलला नाहीस. मी कोरड्या उंबऱ्यावर पाय ठेवणार, तोच मागून येऊन भांडंच्या भांडं माझ्या पायांवर उपडं केलंस. वर म्हणालास, तू हो पुढे, मी घोषणा द्यायला येतोच आहे.

आणि आलास! पहिल्या रांगेत सगळ्यांत मोठा आवाज तुझाच, अगदी बाबांचा. दादा, मला रडू फुटायच्या बेतात होतं. कागद ठेवून मागच्या दाराने निघून जावं असं वाटलं. पण बूट ओलेच होते, पायांना गार लागत होतं. तारीख वाचली. दुसरं काम मिळेपर्यंत एकाचाही पगार थांबणार नाही, थांबला तर राजीनामा देईन, हेही सांगितलं. तेव्हाही तू ओरडतच होतास.

घशाला मधाचा चहा घे. पुढच्या महिन्यात पुन्हा येतेय. लोभ असाच खणखणीत असू दे, आणि भांडं भरून ठेव.

तुझी नेव्याना