माशीला दिलेलं नाव

शुक्रवार, संध्याकाळ

आज सरांचा शोधलेख छापून आला. छावणीतल्या करंजाच्या कळ्यांत गाठी करणारी, डासाहून बारीक गादमाशी नवीन जात ठरली. दोन वर्षं गाठी मीच फोडल्या, माशी काचपट्टीवर मीच बसवली. फोटोत तिचा डावा पंख फाटलेला दिसतो. तो माझ्याच चिमट्यानं फाटला होता.

लेखकांत मी नाही, हे ठाऊक होतं. सरच म्हणाले होते, "नसरीन, जातीला तुझं नाव देऊ. लेखकानं नव्या जातीला स्वतःचंच नाव द्यायची आपल्या शास्त्रात रीत नाही, म्हणून तू लेखकांत नको." मी लगेच हो म्हटलं. अम्मीनं तर अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलंय.

आणि नाव दिलंय सरांच्या बायकोचं! घरात साधी माशी दिसली तरी फवारा मारणाऱ्या मॅडमचं! मी एवढी कशी खुळी? लेखी का नाही घेतलं? पण सरांना असं लेखी मागतं का कुणी?

तो फाटका पंखच सारखा मोठा करून बघतेय.

आत्ता सरांचा मेसेज आला. "उद्या घरी पेढे खायला ये. येताना माशीची काचपट्टी आण, मॅडमनी अजून पाहिली नाही."

"हो सर," असं लिहिलं. पाठवलंसुद्धा.