रविवारच्या बोलण्याची टेप नसते

कक्षेतून, १९ मे १९९३

ती. तायसियाताईस ग्लेबचा सा. न. वि. वि.

उद्या परतणाऱ्या पाहुण्याच्या खिशात हे पत्र कोंबतो आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस. इथे टेबल आहे, पण त्यावर हात टेकत नाही.

तू घाबरली असशील. मी बरा आहे. आमचा कप्तान येफिम, त्याचे डोळे मात्र सुजून बंद झालेत. रविवारी भाऊजींनी खालच्या नियंत्रण केंद्रातून सांगितलं म्हणून मी थंडाव्याची गळकी नळी सोडवली. आतला दाब उतरवला आहे, असं ते म्हणाले होते. उतरवलेला नव्हता. विषारी द्रवाचे गोळे अंतराळस्थानकभर तरंगत सुटले. जुन्या बनियनांनी ते टिपतो आहोत, आणि उकाडा असा की बान्याच्या वाफेत बसल्यासारखं वाटतं.

काम खरं सोमवारचं. पण सोमवारी भाऊजींना बटाटे लावायला सुट्टी हवी होती. मागून तूच ओरडत होतीस की ग्लेब, उरकून टाक रे बाबा, नाहीतर हा माणूस फावड्याला हात लावायचा नाही. आपण सगळेच हसलो होतो.

आता चौकशी बसली आहे. घरच्यांशी होणाऱ्या रविवारच्या बोलण्याची टेप कोणी ठेवत नाही. म्हणून भाऊजींनी एवढंच कबूल करावं, की हो, मी सांगितलं. त्यांना फार तर बोलणी बसतील. माझ्यावर आलं, तर बाहेर जाऊन नवी नळी बसवायचं काम जाईल, आणि पुन्हा कधी मला वर पाठवणार नाहीत. तूही तिथे होतीस. तूही सांग.

तुझा लोभ इथवर पोचतो, तसाच पोचत राहो.

तुझा ग्लेब


झ्व्योझ्दनी, २२ जून १९९३

चि. ग्लेबला ताईचे अ. आ.

मालवाहू यानातून लसूण, मध आणि मिठातल्या काकड्या पाठवते आहे. काकड्या सगळ्या येफिमला देऊन टाकू नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. बटाटे छान वर आलेत, पण किड्यांनी जीव नकोसा केलाय. तुझा भाऊजी रोदिओन वाकून किडे वेचतो आणि म्हणतो की तुझा भाऊ बघ, वर मजेत तरंगतोय.

चौकशीत त्याने सांगितलं की आपण फक्त तब्येत विचारली. मलाही बोलावलं होतं. मी म्हटलं, मी मागे उभी होते, खरखर फार होती, नीट ऐकू आलं नाही. रागावू नकोस. त्याला काढलं तर हे केंद्राचं घर जाईल. या वयात आम्ही कुठे जावं? तुझ्यामागे ना बायको, ना मुलं. दोनदा वर जाऊन आलास, पुष्कळ झालं की रे. घाईत माझ्या हातून झालं, एवढं म्हण आणि मिटव. आई गेल्यावर तुला मी वाढवलं, ते कधी बोलून दाखवलं नाही.

जेवत जा. माया आहेच, ती कुठे जाते?

तुझी ताई


कक्षेतून, १० जुलै १९९३

ती. ताईस सा. न.

काकड्या पोचल्या. येफिमला आता दिसतं.

निकाल परवा कळला. ग्लेबने परवानगीशिवाय काम केलं. नळी पुढची जोडी येऊन बसवेल, म्हणजे माझ्याबरोबर येफिमचंही काम गेलं. निकाल भाऊजींनीच वाचून दाखवला. आवाज अगदी स्वच्छ होता, जराही खरखर नव्हती.

मी शेजारीच होतो, मी ऐकलं, असं येफिमने चौकशीला सांगितलं होतं. तू सोबत्याची बाजू घेतोस, असं चौकशीवाले म्हणाले. तेव्हापासून तो मला धीर देत होता की थांब, तुझी बहीण होती ना तिथे, ती सांगेल. मीच त्याला सांगून ठेवलं होतं, की लहानपणी साखर चोरून खाल्ली तरी ताई स्वतःच आईला जाऊन सांगायची.

काल त्याने विचारलं, ताई काय लिहिते? मी म्हटलं, माझं पत्र तिला मिळालंच नाही. तो म्हणाला, तरीच! नाहीतर ती गप्प बसली असती होय?

मी उतरेन तेव्हा मला न्यायला येऊ नकोस. येफिम तुझे हात धरून तुझीच समजूत काढेल, आणि ते मला बघवणार नाही.

कळावे.

ग्लेब