ओमनीचं स्टेरिंग

प्रिय किसन काका,

हैदराबादहून राजूचा जय सेवालाल. इथं गॅरेजात काम हाय, जेवण हाय, पण मन एका जागी राहत नाही. माह्या मायच्या, याडीच्या तेराव्याले बानं तुले पंगतीतून उठवलं, तवा मी भात वाढून राह्यलो होतो. "किसन्या, तूच माह्या गाडीचं स्टेरिंग नेलं, तूच माह्या बायकोले मारलं." तू हात न धुताच उठून गेला. मी मान वर केली नाही.

दिवाळीत तू मस्करीत म्हटलं होतं, "दादा, तुले समोरचा बैल दिसत नाही, गाडी कायले चालवतं? एक दिवस स्टेरिंगच काढून नेतो!" सारे हासले, बा तेवढा हासला नाही. मले तिथूनच सुचलं, काका. पुसदहून येताना बानं ओमनी दोनदा नाल्यात घातली होती. चावी लपवली तर वायर जोडून चालू करे. म्हणून हैदराबादले कामावर निघालो त्या दिवशी, बा वावरात गेलता तवा, मी बॅटरीची वायर काढली, हॉर्नचं झाकण उचकटलं, नट ढिला केला. आधी पुरा नाही काढला, नाहीतर हिसक्यानं स्टेरिंग तोंडावर येते; स्टेरिंग सैल झालं, मंग नट काढून उचललं. याडीनंच ते गुंडाळायले गोणपाट आणून देलं. म्हणे, "ने बेटा, तो जिता तरी राहीन."

महिन्याभरानं भर दुपारी तिच्याच छातीत दुखलं. तांड्यात दुसरी चारचाकी नव्हती. माही बहीण वर्षा सांगे, बा नुसता दांडा धरून वरडे, स्टेरिंग कोठी हाय म्हणून. याडीले ठाऊक होतं. तिनं माहं नाव घेतलं नाही. मोटरसायकलवर मधात बसवून नेलं, पुसदच्या अलीकडंच तिनं मान टाकली.

ट्रॅव्हल्सवाल्याजवळ स्टेरिंग पाठवलं हाय. तूच बसव. आधी पुढची चाकं सरळ कर, स्टेरिंगवरची अन् दांड्यावरची खडूची खूण जुळव, मंग नट कस. गाडीही तूच चालव.

पण पत्र लिहायचं कारण दुसरंच हाय. परवा बाचा फोन आला. "राजू, किसन्यानंच नेलं ना रे?" मी 'हो' म्हटलं. काका, मी 'हो' म्हटलं. बाले आता अक्षर दिसत नाही, म्हणून तूच त्याच्याजवळ जाऊन हे वाच. दार लावून घेतलं तर बाहेरून वाच, मोठ्यानं वाच. राजूनं स्टेरिंग नेलं, एवढंच वाचून थांबू नको. 'हो' म्हटलं, तेही वाच.

तुझाच पुतण्या,
राजकुमार लालसिंग