डाव्या गालावरचा हात

३ मार्च २०२५, सोमवार

नवी नोकरी, म्हणून नवी वही. नातेपुत्याहून पहाटेची एसटी धरली, सोलापुरात उतरले तेव्हा साडेनऊ झाले होते आणि ऊन असं की रिक्षाचं सीट चटके देत होतं. पण मी खूश आहे. जुळे सोलापुरातलं हे घर दुमजली, हवेशीर. मला वरची खोली, खिडकीत कडुलिंब, स्वतंत्र बाथरूम. चार वर्षं या दवाखान्यातून त्या दवाखान्यात हंगामी फिजिओथेरपिस्ट म्हणून फिरल्यावर हे म्हणजे माहेरपणच.

पेशंट चनबसप्पा. घरात, गल्लीत सगळे अप्पाच म्हणतात. वय बहात्तर, टॉवेलचा मोठा व्यापार होता. सप्टेंबरात लकवा मारून गेला, उजवी बाजू गेली. पाय बराच सुधारलाय, काठीवर चालतात. उजवा हात निम्माशिम्मा. उजवा गाल मात्र ओल्या फडक्यासारखा लोंबतो. मुलगा श्रीशैल बेंगळुरूला असतो, त्याने मला ठेवलं. आधी दोन महिने. चेहऱ्यात फरक दिसला तर पुढे वर्षभर. दर रविवारी सुट्टी, हे मी आधीच कबूल करून घेतलंय. माझी वैष्णवी सहा वर्षांची, नातेपुत्याला माझ्या आईपाशी राहते. नवऱ्याचा विषय दोन वर्षांपूर्वीच संपला.

अप्पांच्या बायकोने, नागम्माकाकूंनी, जेवायला वाढलं आणि मी खाताना समोर बसून राहिल्या. म्हणाल्या, घरात कुणी हसणारं माणूस आलं, बरं झालं. मी हसले होते हे मलाच ठाऊक नव्हतं.

५ मार्च

आरशासमोर व्यायाम सुरू केले. गाल फुगवा, ओठांचा चंबू करा, दात दाखवा, 'ई' म्हणा, 'ऊ' म्हणा. आधी मी करून दाखवते, मग अप्पांनी करायचं. ते करत नाहीत. नुसते माझ्याकडे बघतात.

दुपारी तीनला त्यांचे मित्र संगप्पा येतात, बँकेतून निवृत्त झालेले. दोघं पोकर खेळतात. अप्पा व्यापारासाठी परदेशात फिरायचे तेव्हा हॉटेलांत शिकले, आणि मग यांना शिकवलं. पैसे नाहीत, चिंचोके लावतात. प्रत्येकाला दोन पत्ते, ते लपवायचे. टेबलावर पाच पत्ते एकेक करून उघडतात, ते सगळ्यांचे. आपले आणि ते मिळून ज्याची जुळणी भारी, तो जिंकला. पण हातात काही नसतानाही भारी असल्याचं दाखवून खूप चिंचोके लावले, आणि समोरचा घाबरून पत्ते टाकून बसला, तरी डाव आपलाच. याला ब्लफ म्हणतात. न घाबरता तितकेच चिंचोके लावून पत्ते उघडायला लावणं, तो कॉल.

अप्पा खेळताना उजव्या हाताने चिंचोके सरकवतात. बोटं थरथरतात, पण सरकवतात. मला आनंद झाला, फुकटचा व्यायाम! डावा तळवा मात्र, व्यायामाच्या वेळीसारखाच, पूर्ण वेळ डाव्या गालावर. समोरच्याला दिसतो तो फक्त मेलेला अर्धा चेहरा.

१३ मार्च

दहा दिवस झाले, अप्पांनी एकदाही धड 'ई' म्हटलं नाही. आज मी चिडले. म्हणाले, मी मेहनत करायची आणि तुम्ही भिंतीसारखं बसायचं, याला काय अर्थ? अप्पा पहिल्यांदा नीट बोलले. म्हणाले, "डॉक्टरीणबाई, आमच्यात तिसरा गडी व्हा की. तुम्ही डाव मारला तर त्या दिवशी व्यायाम. मी मारला तर सुट्टी." पेशंटला गोडीत घ्यावं लागतं, म्हणून मी हो म्हटलं.

नागम्माकाकू पोळ्या लाटत होत्या. "साकु," म्हणाल्या, म्हणजे पुरे. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही.

१९ मार्च

सहापैकी सहा दिवस हरले. पत्ते वाईट होते असंही नाही. काल माझ्या हातात दोन राजे, टेबलावर तिसरा. याहून काय हवं? अप्पांनी सगळेच्या सगळे चिंचोके पुढे ढकलले. मी त्या लोंबत्या गालाकडे बघत बसले. काहीच नाही. पाच मिनिटं बघत होते. कपाळावर घाम आला, आणि मी पत्ते टाकले. त्यांनी स्वतःचे उलटून दाखवले. दुर्री आणि सत्ती! हातात धूळ होती नुसती.

वर येऊन उशीला बुक्की मारली. पस्तिशीची बाई मी.

अप्पांना विचारलं, माझ्याकडे राजे आहेत हे कसं कळतं तुम्हाला? म्हणाले, तुमच्या कानाखाली लाली चढते, आणि चांगले पत्ते आले की तुम्ही श्वास धरता. चेहरा झाकायला शिका.

२२ मार्च, शनिवार

श्रीशैलचा फोन. व्हिडिओवर वडिलांना बघून म्हणाला, मॅडम, मला तर काहीच फरक दिसत नाही. मी काय सांगणार? तुमचे वडील व्यायाम पत्त्यांवर लावतात?

दुपारी अप्पा म्हणाले, रोजचा एक दिवस काय लावायचा. तुम्ही रविवार लावा, मी पूर्ण आठवड्याचा व्यायाम लावतो. मी लावला. उद्याचा रविवार गेला.

वैष्णवीला सांगितलं, पुढच्या आठवड्यात येते. ती रडली नाही. मागून आई म्हणाली, "तिला कशापायी आशा लावतीस मग?"

३० मार्च, पाडवा

हाही रविवार गेला. पुढचाही लावून बसले आहे.

बोटाला ऑक्सिमीटर लावून खेळले आज. नुसते पत्ते उचलताना नाडी एकशे अठरा. दात इतके आवळते की सकाळी जबडा उघडत नाही. अंघोळ करताना कालचे डाव पुन्हा खेळते. तो कॉल करायला हवा होता, तो टाकायला हवा होता. भाजीवाली म्हणाली गवार ताजी आहे, आणि म्हणताना तिने पदर सावरला. मी म्हटलं, खोटं. वाळकीच निघाली. रिक्षावाला म्हणाला सुट्टे नाहीत, आणि आरशात बघितलं. खोटं. माणसं किती उघडी असतात! फक्त तो एक गाल वाचता येत नाही. त्याच्या नावाने मला रडू येतं, इतका राग आहे.

वहीच्या मागच्या पानांवर खुणा लिहायला घेतल्या आहेत. कोण खोटं बोलताना काय करतं.

५ एप्रिल

दुसरा एक आरसा माझ्या खोलीत आणून ठेवला. जे व्यायाम अप्पांना शिकवते तेच उलटे करते. गाल सोडायचा. कपाळ सोडायचं. कुणी राजा दाखवला, कुणी वैष्णवीचा फोटो दाखवला, तरी काही हलू द्यायचं नाही. फोटो मीच धरते. पहिल्यांदा ओठ हलले. चाळिसाव्या वेळेला नाही.

८ एप्रिल

जिंकले! हातात काहीही नव्हतं. सगळे चिंचोके ढकलले आणि बसले. अप्पा माझ्याकडे बघत राहिले, बघत राहिले, आणि पत्ते टाकले.

त्यांनी कबूल केल्याप्रमाणे व्यायाम केला, अर्धा तास, मनापासून. गाल तसूभर हलला नाही. आणि मला वाईटही वाटलं नाही. संपूर्ण वेळ मी उद्याच्या डावाचा विचार करत होते.

१२ एप्रिल

आज सकाळी आरशासमोर अप्पांना नेहमीप्रमाणे करून दाखवत होते. दात दाखवा, म्हटलं, आणि दाखवले. म्हणजे मला वाटलं दाखवले. आरशात दोन माणसं नुसती बसली होती, एक म्हातारा आणि एक मी.

बोटांनी ओठ वर ओढले तेव्हा दात दिसले. सोडले की परत जागच्या जागी.

अप्पा म्हणाले, "आता जमलं बघा तुमाला."

१४ एप्रिल

डॉक्टरांना दाखवलं. नसा ठीक, तपासण्या ठीक. म्हणाले, मनावर ताण आहे, पत्ते आजपासून बंद करा, घरी जाऊन लेकीजवळ राहा. बोलताना त्यांनी पेन दोनदा फिरवलं. कशाला फिरवलं? काय लपवतात?

संध्याकाळी वैष्णवीचा व्हिडिओ कॉल. शाळेत तिला नाचात घेतलंय, ते सांगत होती. सांगता सांगता थांबली. म्हणाली, आई, अशी नको ना बघू. मी म्हटलं, अगं, हसतेय मी. तिने फोन आजीकडे दिला.

१७ एप्रिल

नागम्माकाकूंना आज जिन्यात गाठलं. ओरडले. तुम्ही त्यांना माझे पत्ते सांगता का, आरशातून दिसतात का तुम्हाला? त्यांनी माझा हात धरला. एकेचाळीस वर्षं झाली म्हणाल्या, या माणसाच्या पोटात काय आहे मला कळलं नाही. डॉक्टर म्हणतो लकव्याने गाल गेला. पण त्याच्या आधी तरी कधी हलत होता? म्हणाल्या, संगप्पा लई हसायचे हो, गल्लीच्या टोकाला ऐकू यायचं. दिवाळीत त्यांची बायको गेली. संगप्पाभाऊजी पायरीवर असेच कोऱ्या चेहऱ्याने बसले होते. लोकांना वाटलं धक्का बसला. "तू जा यव्वा. पगार मी देते, जा."

हात धरताना त्यांचा अंगठा थरथरत होता. खरं की खोटं? पूर्वी मला कळलं असतं.

संगप्पांकडे आज नीट बघितलं. महिन्याभरात मी त्यांना हसताना पाहिलेलं नाही. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

२० एप्रिल, रविवार

जाता आलं असतं. काकूंनी बॅगसुद्धा भरून ठेवली होती. पण हरलेले चार रविवार तसेच टाकून जायचं? तो गाल न वाचता?

गेले नाही. तीन वाजता खाली गेले.

२५ एप्रिल

सगळे रविवार एका डावावर. माझे चार, आणि पुढच्या वर्षाचे सगळे. टेबलावर दोन राण्या. माझ्या हातात तिसरी. अप्पांनी सगळं ढकललं.

मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. पंखा फिरत होता. मला काही वाटत नव्हतं. नाडी साठ. मी कॉल म्हटलं.

हातात काही नव्हतं त्यांच्या.

मग अप्पांनी गालावरचा हात काढला. दोन महिन्यांत पहिल्यांदा तो डावा गाल नीट बघितला. ती चांगली बाजू. लकवा तिला लागलेलाच नाही. आणि ती अगदी उजवीसारखीच — सपाट, थंड, बंद. ते म्हणाले, इथं कधीतरी काहीतरी हलेल म्हणून हात लावून बसायचो. बोटाला कळेल म्हणून. वीस वर्षं झाली.

"जिंकलात. जावा आता घरी."

माझे डोळे कोरडे होते. मी चिंचोके मोजले.

२६ एप्रिल, शनिवार

नातेपुते. वैष्णवी धावत आली आणि दोन हात लांब थांबली. आईच्या मागे गेली. आई म्हणाली, "काय गं सोनाली, कुणी मेलं का तितं?"

मी म्हटलं, कुणी नाही. मी जिंकले.

जेवताना वैष्णवी माझ्याकडे चोरून बघत होती. चमचा डाव्या हातात घेतला. लिहून ठेवलं.

शेजाऱ्यांनी आज कडब्याच्या गंजीत मण्यार मारली, सगळी गल्ली बघायला गेली होती. आई सांगत होती, हा साप झोपेत डसतो, कळतही नाही, लेकराला खाली निजवू नको. वैष्णवी हट्ट करून खालीच झोपली, आजीजवळ. माझ्याजवळ नाही.

२७ एप्रिल, सकाळी ७

वैष्णवी म्हणते पोट दुखतं. आल्यापासून माझ्याशी बोलत नाही, आणि आता पोट दुखतं. बघते कुठवर नेते.

७.४०

वही मांडीवर. तिच्यासमोर बसले आहे. आई म्हणते दवाखान्यात नेऊ. मी म्हटलं थांब. लहान आहे, फार वेळ टिकणार नाही. हसेल.

८.०५

हसत नाही. रडणंही थांबलं. चेहरा एकदम शांत. कुठे शिकली हे? अप्पांनाही इतकं जमलं नसतं. काही वाचता येत नाही — कपाळ नाही, ओठ नाही —

कौतुक वाटलं. खरंच वाटलं.

८.१५

आई ओरडतेय. वैष्णवीच्या दंडावर दोन ठिपके दाखवते, बारीक, सुईचे असावेत तसे. सूज नाही. मण्यार, मण्यार म्हणतेय. आईच्या डोळ्यांत पाणी. आईला खोटं येत नाही. कधीच —

पापण्या. वैष्णवीच्या दोन्ही पापण्या खाली. ती उघडायला बघतेय, जोर लावतेय, उघडत नाहीत. थुंकी गिळता येत नाही. हे कुणाला करून दाखवता येत नाही. मला माहीत आहे, हेच तर मी शिकले, हे स्नायू —

खरं आहे. सात वाजल्यापासून खरं होतं.

आई गाडीसाठी पळाली. अकलूजच्या दवाखान्यात न्यायचं. ती माझ्याकडे मान वळवतेय, आई म्हणायला बघतेय, ओठ जुळत नाहीत. मला हाक मारायची आहे, वैशू, आहे मी — तोंड उघडत नाही, माझंही — पापण्यांच्या फटीतून तिला दिसत असेल फक्त हा —

श्वास मोजतेय. चौदा. बारा. गाडीचा आवाज. उचलते तिला, नऊ —