चार देशांचे कायदे आणि गणपतची तीन बोटे

सलमाबाद, बहारीन
शुक्रवार, ता. २० मे १९८३

ती. शिवदासमामांस,

विठ्ठलचा साष्टांग नमस्कार. आपण सगळे खुशाल आहात असे मी धरून चालतो, कारण नसलात तर ते मला कळायला तीन आठवडे लागतात आणि तोवर आपण बरेही झालेले असता. मामींच्या गुडघ्यांना उतार पडला का? मागे पाठवलेले मलम (डबीवर उंटाचे चित्र असले तरी ते माणसांसाठीच आहे) झोपताना चोळायचे आहे, खायचे नाही, हे पुन्हा लिहितो. मी बरा आहे. इथे उन्हाळा सुरू झाला आहे. नळाचे पाणी दुपारी इतके तापते की आम्ही सकाळीच बादली भरून ठेवतो आणि ते निवण्याची वाट पाहतो.

आपण लिहिलेत की, तू चार चार युरोपियन देशांच्या हाताखाली काम करतोस, त्यांची शिस्त आणि कामगारांविषयीची आस्था डोळे उघडे ठेवून पाहा आणि आम्हालाही कळव. मामा, डोळे उघडे ठेवले. आता कळवतो. पत्र लांबणार आहे, तेव्हा मामींना आधी चहा टाकायला सांगा.

आमची कंपनी ही एक कंपनी नाही. समुद्राचे पाणी गोडे करण्याचा कारखाना बांधायला इंग्रज, जर्मन, फ्रेंच आणि इटालियन अशा चार कंपन्या एकत्र आल्या आहेत आणि येताना प्रत्येकीने आपापल्या देशाचे कायदे बरोबर आणले आहेत. जर्मनांकडे आजारी पडायचे तर तीन प्रतींत अर्ज. इटालियनांकडे दुपारी सामसूम. इंग्रजांकडे सगळे तोंडी चालते, त्यामुळे कुणी काय कबूल केले होते ते दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही. फ्रेंचांच्या देशात नुकतेच आठवड्याचे कामाचे तास कमी झाले. ती सुधारणा इथल्या फ्रेंच साहेबांनाही लागू झाली आणि ते लवकर घरी जाऊ लागले. कमी झालेले तास गेले कुठे, हे त्यांच्या देशात कुणाला ठाऊक नसेल. आम्हाला ठाऊक आहे, कारण ते आम्हीच भरून काढतो. (आमच्या माणसांना एक विभाग दुसऱ्याला उसने देतो. उसना माणूस दोन्हीकडे राबतो आणि जेवणाच्या यादीत कुठेच सापडत नाही.)

आता गणपतविषयी. गणपत म्हणजे आपल्या वरच्या वाडीतला, शेवंतीचा नवरा. त्याला आपणच माझ्या हवाली करून पाठवले होते. तो इथे क्रेनला अवजड माल बांधून देण्याचे काम करी. कागदोपत्री तो इंग्रजांचा माणूस, उसना दिलेला इटालियनांना, क्रेन जर्मनांची, आणि सुरक्षेची देखरेख फ्रेंचांकडे. फेब्रुवारीत एके दिवशी क्रेनचा तारेचा दोर तुटला आणि गणपतच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. अपघात झटकन झाला, पण तो नेमका कुठल्या देशात झाला हे ठरायला पुढे तीन महिने लागले.

इस्पितळातून आल्यावर गणपतचे एकच मागणे होते, एका हाताने जमेल असे काम. आमच्या स्टोअरला रहिमतुल्ला म्हणून दाभोळकडचे गृहस्थ आहेत, साठीला टेकलेले, मनाने मोठे. ते म्हणाले, ह्याला माझ्या हाताखाली द्या, नटबोल्ट मोजून द्यायला बोटे किती लागतात? गणपत लगेच डाव्या हाताने आकडे गिरवायला बसला. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांच्या कागदावर रोज शंभरपर्यंत. सुरुवातीचे आकडे पाहून रहिमतुल्लाचाचा म्हणाले की हे अरबी आहेत की आपले ते सांग, मी दोन्ही वाचतो. मार्च संपेतो मात्र त्याचे आकडे माझ्यापेक्षा बरे यायला लागले.

आणि त्याच सुमारास युरोपातून सुधारणा आली. चारही कंपन्यांच्या वरच्या कचेऱ्यांनी ठरवले की, देशोदेशीची सरकारे रोजगाराची आणि समाजकल्याणाची धोरणे एका मेळात आणू पाहत आहेत, तर आपणही बहारीनमध्ये तसेच करावे. त्यासाठी बेल्जियमचे एक तज्ज्ञ साहेब आले. उंच, मृदू बोलणारे, गाडीत चढताना ड्रायव्हरचेही आभार मानणारे. (मामा, माणूस खरोखर चांगला होता. वाईट माणूस असता तर हे पत्र लिहिणे सोपे गेले असते.) शहरात, अदलिया भागात, एक बंगला भाड्याने घेतला, लांब टेबल मांडले, आणि समन्वय समिती बसली. मला लघुलेखन येते म्हणून मला टिपणे घ्यायला कोपऱ्यात बसवले.

पहिल्याच बैठकीत तज्ज्ञ साहेबांनी विचारले, कामगारांचा प्रतिनिधी कुठे आहे? आमच्याकडे अशा समितीत कामगार नसला तर ठरावाला अर्थ नसतो. चारही साहेबांनी इकडेतिकडे पाहिले. सलमाबादच्या छावणीतून कुणाला आणायचे तर गाडी पाठवायला हवी, आणि गाड्या साहेबांना बुदैयाला एका बागेत जेवायला न्यायच्या होत्या. मग इटालियन साहेबांची नजर माझ्यावर पडली. अशा रीतीने मी प्रतिनिधी झालो. निवडणूक अर्ध्या मिनिटात आटोपली. तेव्हापासून मीच बोलायचे आणि मीच लिहून घ्यायचे. बोललो तर लिहिणे राहते, म्हणून मी बहुतेक लिहीतच राहिलो. पहिल्या सहा बैठकांच्या टिपणांत ‘कामगार प्रतिनिधींनी काही म्हटले नाही’ हे वाक्य माझ्याच अक्षरात नऊ वेळा आहे.

सातव्या बैठकीत मात्र मी पेन्सिल खाली ठेवली आणि गणपतचे प्रकरण मांडले. तज्ज्ञ साहेबांना फार आनंद झाला. म्हणाले, हे तर नमुना प्रकरण! ह्याच्यावरच आपण सगळे कायदे तपासून पाहू. मग एकेक साहेब आपापल्या देशाचा कायदा सांगू लागले आणि मामा, माझा ऊर भरून आला. जर्मनीत अशा माणसाला नवे काम शिकवतात. इटलीत त्याला सहजासहजी काढता येत नाही. फ्रान्समध्ये त्याला जन्मभर काही ना काही मिळते. इंग्लंडमध्ये पुढचे सगळे औषधपाणी सरकारी. मी मनातल्या मनात चारही जोडले. गणपत आपल्या तालुक्यातला सर्वांत सुखी माणूस होणार होता. संध्याकाळी मी त्याला हे सांगितलेही. तो म्हणाला, “एवढा कशाला? माका नको. मला ष्टोरात बसवा म्हंजे झाला.” (‘माका’ हे त्याने इथल्या मालवणी मंडळींकडून उचलले आहे.)

पुढे तीन बैठका ह्यावर झाल्या. चार देशांचे सगळे कसे देता येईल? कुठल्या तरी एकाचे दिले तर बाकीचे तीन रागावणार. तेव्हा तज्ज्ञ साहेबांनी तोडगा काढला की, चारही कायद्यांत जे समान असेल तेवढेच घ्यावे, म्हणजे कुणावर अन्याय नको. चार पुस्तके उघडली. दोन दिवस शोधले. शेवटी चारही पुस्तकांत एक कलम सापडले, जवळजवळ शब्दाला शब्द सारखे. हा कायदा आमच्या देशात राहणाऱ्यांपुरता आहे. तेवढेच समान निघाले. तेवढेच मंजूर झाले. टाळ्या वाजल्या, कारण दीड महिन्यात समितीचे पहिल्यांदाच एकमत झाले होते. फ्रेंच साहेबांनी जर्मन साहेबांशी हात मिळवला.

मी उठून म्हणालो की निदान स्टोअरचे काम तरी द्या, त्याला कुठल्याच देशाचा कायदा लागत नाही. तज्ज्ञ साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, आज त्याला दिले तर ते धोरण होईल, आणि धोरण चारही देशांत सारखे असायला हवे. मग ठराव लिहिला गेला. जखमी कामगाराला, करार संपताच, सन्मानपूर्वक मायदेशी पाठवावे. ‘सन्मानपूर्वक’ हा शब्द घालायचा की नाही ह्यावर पाऊण तास गेला. रहिमतुल्लाचाचांना मी स्टोअरमध्ये जाऊन कळवले. त्यांनी गणपतसाठी आणलेले स्टूल माझ्यासमोरच मागच्या खोलीत नेऊन ठेवले आणि एवढेच म्हणाले, “खलास.”

तर मामा, शिस्त आणि आस्था ही अशी पाहिली. तज्ज्ञ साहेब गेल्या सोमवारी परत गेले. अहवाल त्यांनी मला भेट दिला आहे, दोनशे चाळीस पानांचा. त्यात गणपतचे नाव नाही, ‘प्रकरण क्रमांक एक’ असे आहे. बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार, स्मिताच्या परीक्षेचा निकाल कळवावा. ती पहिली आली तर मला आश्चर्य वाटणार नाही, आणि नापास झाली तर तिला रागावू नये.

आपला आज्ञाधारक भाचा,
विठ्ठल

ता. क. खरे पत्र इथून सुरू होते. आमचा ड्रायव्हर हुसेन रविवारी रत्नागिरीला घरी निघाला आहे, हे पत्र त्याच्या हाती देतो. गणपतचा करार संपला, तो गुरुवारच्या विमानाने निघेल. म्हणजे आपल्या हाती तीन-चार दिवस आहेत. शेवंतीला काहीच माहीत नाही. गणपतची पत्रे मीच लिहितो आणि फेब्रुवारीपासून मी ‘बोटाला जरा लागले होते, आता बरे आहे’ असे लिहीत आलो आहे, त्याच्याच सांगण्यावरून. तो मला रोज एकच विचारतो, “दारात गेल्यावर आधी कंचा हात पुढं करू?” तेव्हा कृपा करून आपण स्वतः वरच्या वाडीत जावे, मामींनाही न्यावे, आणि तो पोहोचायच्या आत तिला सांगावे. कसे, ते मला सांगता येत नाही. आपण पंचवीस वर्षे शाळेत मुलांच्या आईबापांना वाईट निकाल सांगितलेत, म्हणून आपल्यालाच लिहितो.

ता. क. दुसरे. हे मामींना वाचून दाखवू नये. ठरावावर कामगार प्रतिनिधीची सही लागत होती. ती मी केली. विरोध असेल तर तसे नोंदवा, असे तज्ज्ञ साहेब म्हणाले होते, आणि नोंदवायचे तर मलाच होते, पेन्सिल माझ्याच हातात होती. माझा व्हिसा ह्याच महिन्यात संपत होता. आता तो दोन वर्षांनी वाढला आहे आणि माझ्या हुद्द्यात ‘समन्वय’ हा शब्द आला आहे. पेढे वाटू नका. काल गणपतने तो कागद माझ्याकडून मराठीत वाचून घेतला. ऐकून झाल्यावर विचारले, “खाली कोनाची सय हाय?” मी म्हणालो, प्रतिनिधीची. “म्हंजे?” माझी, असे मी सांगितले. त्याने डाव्या हाताने कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, “बरा झाला. परक्यानं केली असती तर वाईट वाटला असता.” आणि मग ट्रंकेला दोरी बांधून द्यायला सांगितले, कारण एका हाताने त्याला गाठ मारता येत नाही. मी बांधली. रागाच्या भरात फारच घट्ट बसली आहे. शेवंतीला सुरी जवळ ठेवायला सांगावे, ती गाठ त्याच्याकडून सुटायची नाही.