बाजूला बसल्याचे दिवस

३ फेब्रुवारी, मंगळवार
अपर्णाचा पुण्याहून फोन. पोरीचं वकिलीच्या वरचं शिक्षण चालू आहे — आंतरराष्ट्रीय मानवी हक्क कायदा. शेवटी मोठा प्रबंध लिहायचा असतो, एवढंच मला माहीत. आज म्हणाली, "आई, एक फॉर्म पाठवलाय. सही करून दे. तुझ्या वहीबद्दल आहे."
कोणती वही?
म्हणे, दिवाळीत तू देवळात होतीस तेव्हा फोटो काढले.
हिशेबाची नव्हे, दुसरी. घरातल्या बायका महिन्याला कधी बाजूला बसल्या, ते मी फुल्या मारून लिहिते ती. आमच्याकडे महादेवाची पूजा. नैवेद्य कुणी रांधायचा हे त्यावरून ठरतं. लग्नाच्या वर्षीच सासूबाईंनी हातात दिली होती. "तू मॅट्रिक झालीस, तूच लिही." एकोणतीस वर्षं झाली. यांनासुद्धा कधी दाखवली नाही.

४ फेब्रुवारी
वरणात दोनदा मीठ पडलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
सूनबाईनं — संगितानं — शिरडच्या बाजारातून फॉर्म छापून आणला. सोबत प्रबंधातलं एक पान, अपर्णानं माझ्यासाठी मराठीत केलेलं. "पुजारी कुटुंबातील या स्त्रीला लग्नापासून पाळी जाईपर्यंत तेराशे छत्तीस दिवस वेगळं ठेवण्यात आलं." एकेक फुली मोजली पोरीनं! वर कुठल्याशा जागतिक कराराचं पाचवं कलम.
ठेवण्यात आलं — कुणी? सासूबाई जाऊन बारा वर्षं झाली. त्यानंतर घर मीच चालवते की.
माझं नाव नाही, पण अक्षर माझं आहे. पानाच्या कोपऱ्यावरचा हळदीचा डागसुद्धा फोटोत आलाय.

९ फेब्रुवारी, सोमवार
फोनवर सरळ म्हटलं, "चोरलंस तू."
"चोरलं न्हाई आई. तुझ्यावर अन्याय झाला, तो मांडला."
"मी आले होते का तुझ्याकडं तक्रार घेऊन?"
मग म्हणाली, "सोळा तारखेपर्यंत सही न्हाई आली तर प्रबंधातलं ते सगळं प्रकरण काढून टाकावं लागंल. गाईड मॅडम ऐकत न्हाईत. वर्षभराची मेहनत आहे आई."
यांना सांगितलं. "गावाचं नाव आहे का त्यात?" नाही म्हटल्यावर पेपर उघडला. झालं.
जिला हात धरून अक्षर गिरवायला शिकवलं, तिनंच माझं पान उचलून परक्यांपुढं ठेवलं. जप करताना आज तीनदा माळ चुकली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
संगिता बाजूला बसली. महिन्यात दुसऱ्यांदा. महाशिवरात्र तीन दिवसांवर.
हे म्हणाले, "आत्ताच काहून?"
"महादेवाला इचारा," म्हटलं.
वहीत फुली मारली. तिला काही विचारलं नाही.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र
पहाटे चारपासून एकटी. भगर, आमटी, साबुदाणा, राजगिऱ्याचे लाडू. कंबर धरली. दुपारी संगिताला बाहेरच्या खोलीत ताट नेलं. गाढ झोपली होती. चाहूल लागताच धडपडून उठायला लागली.
म्हटलं, "पड."

१६ फेब्रुवारी, सोमवार
फॉर्मच्या शेवटी एक ओळ आहे — "वहीतील सर्व नोंदी खऱ्या आहेत."
श्रावणात चाळीस माणसांचं रांधणं असायचं. माझ्यापुढं कुणी ताट आणून ठेवायचं ते त्या चारच दिवसांत. दर श्रावणात एक खेप मी खोटी लिहिली. महादेवाला ठाऊक आहे.
सही केली नाही. अपर्णाला वाटेल, आईनं राग धरला. वाटू दे.