एकतीस अंश

माय, तू असतीस तर या घराचा उंबरा ओलांडला नसतास, कारण माझ्या शिलाई मशीनशेजारी काचेच्या पेटीत साप आहे. बिनविषारी, परदेशी जातीचा लहानसा अजगर. तुझ्या नातीने पुण्यात नोकरीला असताना रीतसर कागद करून घेतलेला. नोकरी सुटल्यावर त्याला घेऊन ती बीडला आली. दिवाळी झाल्यावर एका बॅगेवर निघून गेली, आणि तो इथेच राहिला. तिने कोर्टात लग्न केलं होतं, जातीबाहेर. दारात उभी राहून ती सांगत होती आणि मी म्हणाले, "मला तू मेलीस." तुझ्या जावयाच्या माघारी आम्ही दोघीच होतो, माय, तरी हे माझ्या तोंडून गेलं.

तेव्हापासून ती फोन उचलत नाही. आठवड्यातून एकदा मेसेज येतो, "किती?" म्हणजे पेटीत किती अंश. बत्तीसच्या वर जाऊ द्यायचं नाही. मी काचेवरचा आकडा बघते आणि लिहिते, "एकतीस." आमचं बोलणं तेवढंच. थंडीत पेटीखालची गरम पट्टी बंद पडली तेव्हा मी गल्लीतल्या वायरमनच्या दारात जाऊन बसले, तो हातातलं काम टाकून येईपर्यंत हलले नाही. लोक म्हणाले, बाई सापापायी येडी झाली. साप जगला तर ती त्याला न्यायला तरी येईल, हे कुणाला सांगू?

उमापूरच्या आपल्या घरातल्या त्या टोपल्याची मला फार आठवण येते. खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठून गेली होती. अंडी गार पडतील म्हणून मी टोपलं उचलून अंगणात उन्हात ठेवलं. तू रानातून आलीस, एक अंडं मिटल्या पापणीला लावलंस आणि हातातल्या काडीने मला पोटरीवर मारलंस. "ऊब येगळी अन् ताव येगळा! कावून हात लावलास तू?" मी सात-आठ वर्षांची असेन. मला ऊन आणि कोंबडीचं पोट यातला फरक कळला नव्हता. संध्याकाळी तू मला जवळ घेऊन भाकर चारलीस.

मे महिन्यात भर दुपारी आमच्या गल्लीचा डीपी जळाला. कूलर बंद. पत्र्याची खोली, पेटीतला आकडा बघता बघता छत्तीसवर गेला. साप काचेला तोंड घासत होता, मग तोंड उघडून पडून राहिला. मी फोन लावला, ती उचलणार नाही हे माहीत असून लावला. तिने उचलला.

"आई, काय झालं?"

मला रडूच फुटलं. ती म्हणाली, "घाबरू नको. त्याला बाहेर काढ. उशीच्या अभ्र्यात घाल. माठाशेजारी जमिनीवर ठेव, माठाला चिकटवू नको. फरशीवर पाणी मार." मी कधी त्याला हात लावला नव्हता. त्या दिवशी लावला. लाईट येईपर्यंत ती फोनवर होती. मध्येच म्हणाली, "तू पण पाणी पी." सात महिन्यांनी माझ्याविषयीचं एक वाक्य! साप वाचला. ती म्हणाली, "ठेवते," आणि पुन्हा दर आठवड्याला "किती?" सुरू झालं.

मागच्या सोमवारी मी पुन्हा फोन केला. म्हटलं, लाईट गेली, चौतीस झालेत, लवकर सांग काय करू. ती घाईघाईने सांगायला लागली, अभ्रा, फरशी, माठ. आणि मध्येच थांबली.

"आई, शेजारची गिरणी चालू आहे. मला आवाज येतोय."

मी घाईने खिडकी लोटली.

"लाईट असताना गिरणी चालते, आई."

मला काहीतरी खोटं सुचायला हवं होतं. ती अगदी हळू म्हणाली, "त्याला मारू नको. मी माणसं पाठवून त्याला मागवून घेते." फोन बंद झाला. मी धावत जाऊन कूलरचं बटण लावलं. ते मीच बंद केलं होतं, माय, आकडा चढताना समोर बसून बघत होते.

काल दोन मुलं गाडी घेऊन आली आणि पेटी घेऊन गेली. मी त्यांना चहा विचारला, ते नको म्हणाले. साप ठणठणीत होता. मशीनशेजारी पेटीच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिलाय, त्याच्याभोवतीची धूळ मी अजून झाडलेली नाही.

तिला चिठ्ठी लिहायला बसले होते. माफी मागणार होते, दारातल्या त्या बोलण्याची आणि बटणाचीही. एक ओळसुद्धा उमटेना, म्हणून तुला लिहीत बसले, जिथे पोस्टमन जात नाही. तुला खरं सांगते. त्या सोमवारी ती मला दोनदा आई म्हणाली. सापाचा जीव धोक्यात घातला याची लाज वाटते, पण ते दोनदा ऐकलं याचं वाईट मला अजून वाटत नाही.